दहावी फोड

तांडापेठेत आमच्या घरी जिथे माग होता
तिथे आता कूलर आहे, आणि कुरियरचे खोके.
मागाचा खड्डा सिमेंटने बुजवला, तरी
चालताना पाय तिथे जरा दबकतोच.

मी संत्रं विणते. लोकरीचं, क्रोशाने.
साल वेगळी, बटण लावलेली.
सोललं की आत फोडी, दहा,
प्रत्येकीला पांढऱ्या दोऱ्याची शीर.
एका संत्र्याला दीड दिवस. डोळा दुखला तर दोन.

भाच्याने, निखिलेशने, फोनमध्ये दुकान उघडून दिलं.
पाटी नाही, गल्ला नाही, शटर नाही.
नाव काय, तर मी म्हटलं, लिही धकाते.
तो म्हणे, मामी, धकाते कोण घेईल?
त्याने लिहिलं, नारिंगी नखरा.
सात महिन्यांत तीन संत्री गेली,
त्यातलं एक त्यानेच मागवलं होतं.

मग ती पोरगी आली, स्वरांगी, त्रिमूर्तीनगरची,
गोल दिवा घेऊन, सप्टेंबरच्या उकाड्यात.
आवाज येतो म्हणून कूलर बंद करायला लावला.
काकू, चेहरा नको, फक्त हात.
बांगड्या राहू द्या. घड्याळ काढा.
नखाजवळची भेग तिला फार आवडली.
ती भेग लोकरीची नव्हे, भांड्यांच्या पावडरीची,
पण मी बोलली नाही.

दीड दिवस तिने अकरा सेकंदांत बसवला.
चुकलेली ओळ उसवली, ते गेलं.
मधे दळण आणायला उठली, ते गेलं.
उरले दोन हात, कधीच न दमणारे,
आणि मागे सतारीसारखं काहीतरी.
मी चार वेळा पाहिलं.
माझेच हात पाहून वाटलं,
असे हात पाहिजे होते आपले.

सहा लाख लोकांनी पाहिलं.
ऑर्डरी दोनशे चौदा.
रात्री उशीखाली फोन गुरगुरायचा.
बंगलोरच्या एका बाईने लिहिलं,
अकरा सेकंदांचं तर काम,
मग तीन आठवडे काहून?
(काहून माझं आहे, तिचं नाही.)

शेजारच्या कमल निखारे आणि शकुनला बसवलं सोबत.
शकुनचा हात घट्ट, तिचं संत्रं आपटलं तरी चालते.
कमलचं पिलपिलीत, बहार संपल्यावरचं.

देवदिवाळीच्या आधी गांधीबागेत गेली लोकर आणायला.
दारातच टांगलेली, डझनाने,
मशीनची, गुळगुळीत, चाळीस रुपयाला,
चिठ्ठीवर ‘हाताने बनवलेले’.
आणि दुकानदार फोन पुढे करून
गिऱ्हाइकाला माझे हात दाखवून राहिला.
पाहा ताई, असं करतात एकेक.
मी म्हटलं, हो का.
पाव किलो नारिंगी घेतली, छटाकभर पांढरी.
पैसे घेताना हात दिसले त्याला. ओळखले नाहीत.

स्वरांगी परत आली. डोळ्यांखाली काळं.
तिला पाहणारे लोक कमी होऊन राहिले होते, रोज थोडे थोडे.
काकू, रोज काही ना काही टाकावंच लागते,
एक दिवस चुकला की ते मला कोणाला दाखवतच नाहीत.
ते म्हणजे कोण, तिलाही माहीत नाही.
आमच्या सासऱ्यांना व्यापाऱ्याचं नाव तरी माहीत होतं.
इतवारीत पेढी होती,
पेढीसमोर उभं राहून शिवी देता येत होती.
तिला तर्री-पोहे दिले.
फोन पालथा ठेवून खाल्ले तिने, दोनदा मागून.

परवा कोणी तीन चांदण्या दिल्या.
लिहिलं, एक फोड बाकीच्यांपेक्षा बारीक आहे.
निखिलेश म्हणे, मामी, माफी माग, कूपन देऊन टाक.
फळीवर काटोलचं खरं संत्रं होतं,
ते त्याच्या हातात दिलं. सोल म्हटलं.
तो सोलत गेला, मोजत गेला,
नऊवर थांबला.
दोन जाडजूड फोडींच्या मधे
ती होती, चपटी, अंग चोरून.
तीच त्याने आधी तोंडात टाकली.

उत्तर अजून लिहिलं नाही.
एकसष्ट बाकी आहेत.